हिऱ्यापोटी गारगोटी

‘हिऱ्यापोटी गारगोटी’ ही म्हण मराठी माणूस थोर बापाच्या नाकर्त्या मुलाला उद्देशून वापरीत आला आहे. ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली, त्याने हिरा पाहिला असेल तो राजाच्या मुकुटात किंवा सावकाराच्या अंगठीत; गारगोटी मात्र त्याला शेताच्या बांधावर पावलोपावली भेटत असेल. या दोन वस्तूंची गाठ कधी रोजच्या कामात पडेल, असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. आज ती पडली आहे. वर्ध्यासारख्या शहरात नव्या घराची फरशी बसवणारा कारागीर हातातल्या कटरने टाइल कापू लागतो, तेव्हा त्या कटरच्या पात्याच्या कडेला हिऱ्याचे बारीक दाणे बसवलेले असतात. आणि पात्याखालून जी पांढरी धूळ उडते, तिच्यात शास्त्रज्ञ ज्याला क्वार्ट्झ म्हणतात त्या गारगोटीचाच अंश असतो. हिऱ्याच्या पोटी गारगोटी अक्षरशः जन्म घेते, आणि ती थेट कारागिराच्या छातीत जाते.

हा हिरा खाणीतला नव्हे, कारखान्यात बनवलेला. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात कृत्रिम हिऱ्याची चर्चा पुष्कळ झाली. पण ती जवळजवळ सगळी दागिन्याच्या भाषेत झाली. सुरतेचे कारखाने, निर्यातीचे आकडे, लग्नाच्या अंगठीतला खडा खरा की प्रयोगशाळेतला, हेच विषय. ज्या हिऱ्यावर रस्ते, धरणे, खाणी, यंत्रे आणि सौर पॅनेल उभी राहतात, त्या औद्योगिक हिऱ्याबद्दल मात्र वर्गात, कचेरीत आणि विधिमंडळात सारखेच मौन आहे. हे मौन महाग पडणारे आहे, आणि त्याची किंमत चुकवणाऱ्यांत वर्ध्यासारख्या जिल्ह्यांचा वाटा मोठा असेल.

हत्यार म्हणून हिरा

विदर्भाला हिरा परका नाही. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागड येथील हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त आढळतो. परंतु तो हिरा रत्न होता. हत्यार म्हणून हिऱ्याचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. स्वीडनमधील आसिया या कंपनीच्या संशोधकांनी १९५३ मध्ये हिरा बनवला, पण ती गोष्ट त्यांनी जाहीर केली नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांना डिसेंबर १९५४ मध्ये यश आले आणि कंपनीने फेब्रुवारी १९५५ मध्ये ते जगापुढे मांडले. कृती सांगायला सोपी आहे. ग्राफाइट, म्हणजे शिसपेन्सिलीत असते तोच कार्बन, निकेल किंवा लोखंडासारख्या वितळलेल्या धातूच्या सहवासात ठेवायचा. वातावरणाच्या दाबाच्या पन्नास-साठ हजार पट दाब द्यायचा आणि तापमान चौदा-पंधराशे अंश सेल्सियसच्या आसपास न्यायचे. पृथ्वीच्या पोटात जे शेकडो किलोमीटर जाडीच्या खडकाच्या भाराखाली घडते, ते यंत्राच्या जबड्यात काही मिनिटांत घडते.

दुसरी रीत याच्या अगदी उलट आहे. तिच्यात प्रचंड दाब लागत नाही. मिथेन आणि हायड्रोजन या वायूंचे मिश्रण अतिशय विरळ अवस्थेत तापवून त्याचा प्लाझ्मा करतात आणि त्यातून सुटलेला कार्बन एका पातळ चकतीवर थरावर थर बसत जातो. कल्पना १९५० च्या दशकातली. पण १९८० च्या दशकात जपानी संशोधकांनी तिला व्यवहारात आणण्याजोगे रूप दिले. सुरतेतले दागिन्याचे हिरे बहुतांशी या रीतीने होतात. याच रीतीने हिऱ्याच्या तबकड्याही बनतात, आणि त्यांचा उपयोग निराळा आहे. हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेतो आणि तरीही विजेला अडवतो. तांब्यात उष्णता मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या पाठीवरून जाते. हिऱ्यात ती हलक्या पण घट्ट बांधलेल्या अणूंच्या कंपनांतून जाते. म्हणूनच तापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांखाली उष्णता पसरवण्यासाठी हिऱ्याचा थर देण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

या साऱ्यात उद्योगाचा कणा आहे तो पहिल्या रीतीने बनलेला, वाळूच्या कणाएवढा पिवळसर दाणा. त्याला ना पैलू, ना झळाळी. त्याचा भाव कॅरटला रुपयांत मोजावा असा. आणि तरीही जगात उद्योगासाठी वापरल्या जाणाऱ्या हिऱ्यांत खाणीतल्या हिऱ्याचा वाटा आता नगण्य उरला आहे.

काँक्रीटवरची रेघ

वर्धा जिल्ह्याला या दाण्याची ओळख सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाली ती समृद्धी महामार्गाच्या निमित्ताने. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सेलू, वर्धा आणि आर्वी या तालुक्यांतून त्याचे सुमारे ५८ किलोमीटर अंतर जाते. रस्ता सिमेंट काँक्रीटचा आहे. या रस्त्यावरून जाणाऱ्याला चाकांखाली ठराविक अंतराने येणारा बारीक ठेका जाणवतो. तो ठेका हिऱ्याने लिहिलेला आहे.

ताजे काँक्रीट घट्ट होताना आकसते, आणि आकसताना ते तडकणारच. हा तडा टाळता येत नाही. तो कोठे जावा एवढे ठरवता येते. त्यासाठी साधारणपणे दर साडेचार मीटरवर रस्त्याला आडवा छेद देतात. हा छेद तीन ते पाच मिलिमीटर रुंद आणि थराच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका खोल असतो. तडा मग शहाण्यासारखा त्या छेदाखालून सरळ जातो. साडेचार मीटरच्या हिशोबाने एका बाजूच्या मार्गावर किलोमीटरला दोनशेवीस छेद पडतात. दोन्ही बाजू धरल्या तर वर्धा जिल्ह्यातल्या लांबीपुरतेच ते पंचवीस हजारांच्या घरात जातात. प्रत्येक छेद योग्य वेळी द्यावा लागतो. काँक्रीट फार कोवळे असेल तर छेदाच्या कडा उसवतात; फार उशीर झाला तर काँक्रीट आपल्या मनाने तडकून मोकळे होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही संधी ओतल्यानंतर सहा-आठ तासांतच येते, मग मध्यरात्र असो की पहाट. ज्या गावगल्लीत काँक्रीट ओतले जाते पण छेद वेळेवर दिले जात नाहीत, तेथे लवकरच वेड्यावाकड्या भेगा दिसू लागतात आणि लोक सिमेंटला दोष देतात. दोष पुष्कळदा न दिलेल्या रेघेचा असतो.

हिऱ्याचे दुसरे ठिकाण शेतात आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आणली. पंपाशेजारी उभ्या असलेल्या पॅनेलमधली सिलिकॉनची चकती मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाइतकी पातळ असते. ती ठोकळ्यातून कापायची तर केसाहून बारीक आणि हिऱ्याचे कण चिकटवलेली तार लागते. २०१० नंतरच्या दशकात ही तार रूढ झाली, त्यामुळे कापताना वाया जाणारे सिलिकॉन कमी झाले, आणि पॅनेल स्वस्त होण्याला त्याचाही हातभार लागला. कापसाच्या शेतात उभ्या असलेल्या पंपामागे असा हिरा आहे, हे ना शेतकऱ्याला ठाऊक, ना त्याच्या मुलाला विज्ञान शिकवणाऱ्याला.

कठीण, पण चिवट नव्हे

हिऱ्याविषयी एक जुनी समजूत अशी की, तो ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही. ही समजूत आपल्याकडेच नव्हे, प्राचीन रोमन लेखकांतही होती. ती खरी नाही. कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. हिऱ्यावर दुसऱ्या कशाचा ओरखडा उठत नाही, हा त्याचा कठीणपणा. पण ठरावीक दिशेने आघात झाला की तो सरळ चिरतो, कारण त्याच्यात चिवटपणा नाही. याचे उदाहरण गावागावांत सापडते. शेतात बोअरवेल खोदणारी गाडी काळ्या कातळात दणादण ठोकत खाली जाते. तिच्या टोकाशी सर्वसाधारणपणे हिरा नसतो, टंगस्टन कार्बाइडच्या गोळ्या असतात. कारण तेथे आघात सोसायचा असतो. परंतु पुलाच्या पायासाठी किंवा खनिजाच्या शोधासाठी खडकाचा अखंड गोल दांडा वर काढायचा असेल, तर पोकळ नळीच्या कडेला हिरे बसवून ती नुसती फिरवत नेतात. तेथे आघात नाही, घासणे आहे, आणि घासण्यात हिऱ्याला तोड नाही. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या खनिज समन्वेषण महामंडळाने देशभर जे खडकांचे दांडे काढले, ते याच हत्याराच्या जोरावर.

दुसरी मर्यादा लोखंडाची. तापलेल्या लोखंडाशी गाठ पडली की हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळू लागतो आणि जगातले सर्वांत कठीण हत्यार झपाट्याने झिजते. म्हणून हिऱ्याचे हत्यार ॲल्युमिनियम, तांबे, दगड, काच, काँक्रीट यांच्यावर चालते. पोलादासाठी बोरॉन आणि नायट्रोजन यांचे दुसरे कृत्रिम संयुग १९५७ मध्ये शोधावे लागले. तिसरी मर्यादा हवेची. सातशे अंशांच्या आसपास तापला की हिरा हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावू लागतो. शेवटी तो कोळशाचाच भाऊ आहे.

बंधनाचे महत्त्व

हिऱ्याच्या पात्यात सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत निर्णायक घटक हिरा नव्हे. तो आहे दाण्यांना धरून ठेवणारे धातूचे बंधन. तांबे, कोबाल्ट, लोखंड, कथील अशा धातूंच्या भुकटीत हिऱ्याचे दाणे मिसळतात, साच्यात दाबून तापवतात आणि तयार झालेले तुकडे पोलादी चकतीच्या कडेला जोडतात. पाते चालू लागले की दाणे हळूहळू बोथट होतात. त्याच वेळी बंधनही झिजत जाते, बोथट दाणे गळून पडतात आणि खालचे धारदार दाणे उघडे पडतात. बंधनाने किती वेगाने झिजावे, यावर पात्याचे आयुष्य ठरते. दगड अतिशय कठीण असेल तर बंधन मऊ हवे, कारण तसा दगड बंधनाला फारसा झिजवत नाही. वाळूने भरलेले कोवळे काँक्रीट असेल तर बंधन कठीण हवे, कारण वाळू ते भराभर खाऊन टाकते. ही जोडी चुकली तर पाते चकचकीत होते आणि कापेनासे होते. मग कारागीर जोर लावतो, पाते तापते, आणि अखेरीस तो अनुभवाने शिकलेला उपाय करतो: एखाद्या मऊ खरखरीत विटेवर पाते फिरवून घेतो, म्हणजे बंधन झिजून दाणे पुन्हा वर येतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हिऱ्याचा दाणा जगात कोठेही बनला तरी तो सारखाच. बंधन मात्र जेथल्या दगडाला लावायचे, तेथले जाणून घडवावे लागते. दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट, त्याची खडी, नदीतली वाळू, विदर्भाचा उन्हाळा, या सर्वांचा त्यात विचार हवा. दाणा बनवायला हजारो टनी दाबयंत्रे लागतात. बंधन घडवायला भुकटी, साचा, भट्टी आणि जाणकार माणूस एवढे पुरते. हे काम लहान उद्योगाच्या आवाक्यातले आहे. देवळी किंवा हिंगणघाटच्या औद्योगिक वसाहतीत ते होऊ शकते. जिल्ह्यात रस्ते, घरे आणि पुलांच्या कामांवर पाती सतत झिजत असतात. झिजलेल्या मोठ्या चकतीला नवे तुकडे जोडून देणे, दगडानुसार बंधन सुचवणे, हा रोजगार येथल्या तंत्रशिक्षित तरुणाला मिळू शकतो.

परावलंबनाचा धोका

यावर कोणी म्हणेल की, चीनमधून स्वस्त पाती येतात, मग हा खटाटोप कशाला? या प्रश्नाचे उत्तर चीननेच दिले आहे. जगातील औद्योगिक हिऱ्याचे बहुतांश उत्पादन त्या देशात, विशेषतः हेनान प्रांतात, होते. सप्टेंबर २०२४ पासून चीनने हिरा बनवणाऱ्या सहा तोंडी दाबयंत्रांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिम हिऱ्याची काही प्रकारची भुकटी आणि कापण्याची तार यांनाही तेच बंधन लावण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात ते वर्षभरासाठी स्थगित केले. स्थगिती म्हणजे माघार नव्हे. परवाना देणे न देणे ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर आपले रस्ते, सौर पॅनेल आणि यंत्रशाळा अवलंबून राहणार, हा त्याचा अर्थ.

केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील हिऱ्यासाठी संशोधन अनुदान जाहीर केले आणि मद्रासच्या आयआयटीत पाच वर्षांसाठी सुमारे २४२ कोटी रुपयांचे केंद्र मंजूर झाले. यंत्रे आणि बीजे देशात बनावीत हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. त्याच अर्थसंकल्पात हिऱ्याच्या बीजावरील आयात शुल्क रद्द झाले, तेही समजण्यासारखे आहे. दागिन्याच्या धंद्यावर लाखो कारागिरांचे पोट आहे आणि परकीय चलनही त्यातून येते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दागिन्याच्या कृत्रिम हिऱ्याचे भाव गेल्या दशकात किती घसरले, हे बाजाराने पाहिले आहे. जी वस्तू दुर्मीळ असल्यामुळे मोल पावली, ती मुबलक झाली की मोल गमावते. हत्याराचे तसे नाही. ते जितके स्वस्त, तितका त्याचा वापर वाढतो आणि तितके त्यावर उभे राहणारे काम वाढते. म्हणून सरकारी अनुदानाचा एक निश्चित हिस्सा दाणा, तार, बंधन आणि उष्णतावाहक तबकड्या यांसाठी राखून ठेवला पाहिजे, आणि त्या कामात खडकांशी रोज संबंध येणाऱ्या प्रदेशांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांना भागीदार केले पाहिजे.

पाणी पात्याला, आणि छातीला?

येथपर्यंतचा हिशोब पैशाचा झाला. पण सुरुवातीच्या म्हणीतली गारगोटी अजून हिशोबात यायची आहे. क्वार्ट्झची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली की फुप्फुसात व्रण पडतात. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. गेलेले फुप्फुस परत येत नाही. क्षयाचा धोका वाढतो, आणि पुष्कळ वेळा तो निव्वळ क्षय समजूनच उपचार होतात. बेसाल्टमध्ये मुक्त क्वार्ट्झ फारसा नसतो. पण काँक्रीटमधल्या नदीच्या वाळूत तो भरपूर असतो, ग्रॅनाइटमध्ये असतो, चकचकीत टाइलमध्येही असतो. ऑस्ट्रेलियाने कारागिरांची फुप्फुसे पाहून १ जुलै २०२४ पासून क्वार्ट्झचा कृत्रिम दगड वापरण्यावरच बंदी घातली. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या विकारासाठी स्वतंत्र धोरण आणले, कारण तेथील दगडखाणींनी गावेच्या गावे खोकत ठेवली होती.

विशेष असे की, या धुळीवरचा सर्वांत स्वस्त उपाय पात्याच्याही हिताचा आहे. पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ बसते, पाते थंड राहते आणि हिरा जास्त दिवस टिकतो. मोठ्या रस्त्यावरच्या कापणी यंत्राला पाण्याची टाकी जोडलेली असते, ती पाते महाग असते म्हणून. साध्या हातकटरला पाणी नसते, कारण ते पाते स्वस्त. आणि माणूस त्याहून स्वस्त मानला जातो. कारागीर पाणी टाळतो यालाही कारण आहे. ओल्या हातात विजेचे यंत्र धरायचे आणि बांधकामावरच्या उघड्या जोडणीला अर्थिंग नाही, अशा स्थितीत तो धुळीपेक्षा शॉकला जास्त भितो. ही भीती रास्त आहे. म्हणूनच ‘पाणी वापरा’ असा नुसता उपदेश निरुपयोगी आहे. गळती होताच वीज तोडणारा स्विच, पाण्याची बारीक नळी असलेले कटर किंवा धूळ ओढून घेणारे झाकण, आणि नीट बसणारा मुखवटा, या गोष्टी एकत्र द्याव्या लागतील. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म धुळीला अडवीत नाही.

राज्यात २०११ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन झाले आणि नोंदीत कामगारांना सुरक्षा संच देण्याची योजना आली. त्या संचात हेल्मेट आणि बुटांइतकेच महत्त्व छातीला मिळाले पाहिजे. वर्धा जिल्ह्यात तर सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे, सावंगी (मेघे) येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामीण आरोग्याचा एवढा अनुभव असलेल्या जिल्ह्याने फरशी, ग्रॅनाइट आणि काँक्रीट कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांची पद्धतशीर तपासणी हाती घेतली, तर इतर जिल्ह्यांना तो धडा होईल. दम लागणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ‘काम कोणते करता?’ हा एक प्रश्न विचारण्याला तर अनुदानही लागत नाही.

वर्ध्याचा प्रश्न

वर्ध्यात यंत्राची चर्चा करायची तर एका जुन्या वादाला टाळता येत नाही. गांधीजी यंत्राचे शत्रू होते, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः त्यांनी १९२४ मध्येच सिंगरच्या शिवणयंत्राला उपयुक्त शोध म्हणून मोकळेपणाने अपवाद मानले होते. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा हिंदुस्थानात बनलेला असावा, दीडशे रुपयांहून महाग नसावा, दीर्घकाळ टिकावा आणि त्याच्या देखभालीचा खर्च अल्प असावा, अशा त्याच्या अटी होत्या. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण त्या अटी यंत्रद्वेष्ट्याच्या नव्हेत, काटेकोर अभियंत्याच्या आहेत. १९३४ मध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तेव्हा जे. सी. कुमारप्पांनी हाच हिशोब प्रत्येक धंद्याला लावला: हत्यार कोण बनवतो, कोण दुरुस्त करतो, आणि ते चालवणाऱ्याचे काय होते? हिऱ्याच्या पात्याला हे तीन प्रश्न विचारले तर आजची उत्तरे अशी येतात: ते बहुधा बाहेरून येते, झिजले की फेकले जाते, आणि चालवणारा खोकतो. तिन्ही उत्तरे बदलता येण्याजोगी आहेत.

बदलाची सुरुवात वर्गापासून व्हावी, हेही वर्ध्याच्या परंपरेला धरून होईल. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीच्या अहवालातून नई तालीम उभी राहिली. हातातल्या कामातून विज्ञान, गणित आणि समाज शिकावा, हा तिचा गाभा. आज शालेय रसायनशास्त्रात हिरा आणि ग्राफाइट ही कार्बनची अपरूपे म्हणून पाठ केली जातात, दोन गुणांचे उत्तर लिहिले जाते आणि विषय संपतो. त्याऐवजी शिक्षकाने हार्डवेअरच्या दुकानातून एक झिजलेले पाते आणून वर्गात ठेवावे. भिंगातून दाणे दाखवावेत; कठीणपणा आणि चिवटपणा यांतला भेद विचारावा; रस्त्यावरच्या छेदांचे अंतर मोजायला लावून किलोमीटरचा हिशोब करून घ्यावा; आणि शेवटी धूळ कोठे जाते, असे विचारावे. रसायन, भौतिक, अंकगणित आणि नागरिकशास्त्र एका पात्यात मावतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात तर पात्याची निवड, बंधनाची ओळख, ओली कापणी आणि मुखवट्याचा वापर यांना प्रात्यक्षिकाचे स्थान हवे.

कापूस आणि सोयाबीनच्या भावाने गांजलेल्या जिल्ह्यात हिऱ्याची चर्चा करणे हा क्रूर विनोद आहे, असे एखाद्याला वाटेल. परंतु शेती परवडत नाही म्हणून बांधकामाकडे वळणारा तरुण याच जिल्ह्यातला आहे, आणि त्याच्या हाती पहिले हत्यार येते ते बहुधा कटर. त्याला ते हत्यार कोणत्या स्थितीत मिळावे, हा शेतीच्या प्रश्नाइतकाच जवळचा प्रश्न आहे. शासनाने अनुदानाचा रोख थोडा बदलावा, कंत्राटाच्या अटींत ओली कापणी आणि विजेची सुरक्षितता बंधनकारक करावी, सार्वजनिक बांधकामाचे देयक मंजूर करताना ती पाळली गेली की नाही हे तपासावे, आणि रुग्णालयांनी कामाची नोंद ठेवावी. यांतली कोणतीही गोष्ट अशक्य नाही, आणि बहुतेकींसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. नव्या रस्त्याचे किंवा शाळेच्या इमारतीचे पुढचे कंत्राट निघेल, तेव्हा त्याच्या अटींच्या कागदावर हे चार शब्द येतात की नाही, हे पाहण्याचे काम मात्र कचेरीतल्या लिपिकापासून ग्रामसभेतल्या नागरिकापर्यंत सर्वांचे आहे.